रिकामा बाक

"सर, त्या नऊ नंबरला बाहेर काढा! पळतच नाही तो!" कॉलेजच्या फुटबॉल सामन्यात मी गॅलरीतून शेवटपर्यंत ओरडत होतो. वरून सगळं मैदान दिसतं, म्हणून खेळही सगळा आपल्यालाच कळतो असं वाटतं.

हरल्यावर रागानंच खाली उतरलो. राखीव खेळाडूंच्या बाकावर नुसत्या पिशव्या होत्या. प्रॅक्टिकल परीक्षेमुळं जेमतेम अकराच पोरं आली होती. बदली करायला होतं कोण? सर खाली बसून नऊ नंबरच्या सुजलेल्या घोट्यावर पाणी ओतत होते.

"जरा ओतत राहता का? पट्टी आणतो," म्हणत त्यांनी बाटली माझ्या हातात दिली.

मी ओतत राहिलो.

"थँक्यू, काका," पोरगा म्हणाला.

आवाज ओळखेल म्हणून मी नुसती मान हलवली.