नेट कॅफेतलं राज्य

जालन्याच्या नेट कॅफेत माझ्या शेजारी रोज एक दाढीवाला दिसायचा. कुठल्याशा साइटवर तो गावं, नद्या आणि कोणाचं कोणाशी वैर, हे भरत असायचा. हा जमिनीचा दलाल, असं मी ठरवलं. माझा अंदाज चुकत नाही, असं घरात मीच सांगतो.

"काय करून राह्यला, बाबा?"

"खोटं राज्य, काका. रविवारी दोस्त जमतात, त्यातली माणसं होऊन फासे टाकून खेळतो. एखादं भांडण सांगा ना."

शेताच्या बांधावरून भावाशी धरलेला अबोला मी सांगितला, तिखटमीठ लावून. त्यानं तो बराबर त्याच्या राज्यात भरला.

"मंग समेट करू का?" त्यानं विचारलं.

याला भावानंच तर पाठवलं नसेल?

"कर," मी म्हणालो, "पण आधी त्याला बोलू दे."