मुठीत मावणारी नऊ सोंगं

सिनेमा संपला की वाबळेसर टीव्ही बंद करायचे आणि वर्गाच्या दारात आडवे उभे राहायचे. प्रत्येकाला एकच प्रश्न, "मुठीत कोण?" आत्ता पाहिलेल्या सिनेमातलं कोण मुठीत धरून घरी न्यावंसं वाटलं, ते सांगायचं. सांगितलं की वाट मोकळी. नुसतं "हिरो" म्हटलेलं चालायचं नाही. "हिरो काय करताना? पळताना, का घोड्यावरनं पडताना?" असं खोदून विचारायचे. मागं उभी असलेली पोरं घरी जायच्या घाईत चुळबुळायची. मला मात्र माझा नंबर शेवटी यावा असं वाटायचं, कारण माझं उत्तर कधीच एकाचं नसायचं.

सर पणदऱ्याच्या आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. शनिवारी शाळा लवकर सुटली की ते बारामतीहून आणलेली कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायचे आणि ज्याला थांबायचं त्यानं थांबावं म्हणायचे. लहान मुलांचे जुने सिनेमे. कुठं रॉकेलच्या डब्यापासून केलेला यंत्रमाणूस, कुठं पोरांनाच घाबरणारं भूत. दुकानात तेव्हा विलायती पैलवानांच्या प्लॅस्टिकच्या बाहुल्या मिळायच्या. सरांना त्यांचा भयंकर राग. "त्या दंड फुगवलेल्या ठोंब्यांच्या बाहुल्या निघत्यात, आन् आपल्या भुताची न्हाय! भूत कसं गोड हाय बघा की," म्हणायचे. वर्गात शिकवताना ते शुद्ध बोलत. सिनेमाचा विषय निघाला की गावाकडचं बोलणं आपोआप वर यायचं.

त्यांचा सगळ्यात लाडका सिनेमा एका बहुरूप्याचा होता. राजानं त्याच्या मित्राला डांबून ठेवलेलं असतं आणि त्याला सोडवायला हा नऊ वेळा नऊ सोंगं घेऊन वाड्यात शिरतो. कधी वैदू, कधी हवालदार, कधी कुबड आलेली म्हातारी. दरवेळी पकडला जातो, दरवेळी निसटतो. आम्ही तो पाच-सहा वेळा तरी पाहिला असेल. "एकाच गड्याच्या नऊ बाहुल्या! परदेशात असता तर खोक्यात भरून दुकानात लागल्या असत्या," सर हळहळायचे. एका शनिवारी दारात माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "सर, मला नऊच्या नऊ पाहिजेत. मी करते."

माझे वडील सुतार. माळेगावच्या कारखान्याकडं ऊस नेणाऱ्या बैलगाड्यांची मोडतोड आमच्या दारात दुरुस्त व्हायची. पटाशी, कानस ही हत्यारं मला पेन्सिलीआधी ओळखीची होती. पांगाऱ्याचं लाकूड मऊ असतं, हे मला माहीत होतं. सरांना नव्हतं. त्यांचा हात कागदावर सुरेख चालायचा, पण लाकडावर पटाशी ठेवली की थरथरायचा. एकदा बोट कापून घेतल्यावर त्यांनी पुन्हा प्रयत्न केला नाही. ते समोर बसून बघायचे आणि बोलायचे. "म्हातारीचं कुबड खोटं हाय, सुषमे. खोटं कुबड आन् खरं कुबड येगळं दिसतं. विचार कर." मी दोन दिवस विचार केला. मग तिची मान ताठ ठेवली. सरांनी ती बाहुली हातात घेतली, कितीतरी वेळ फिरवून पाहिली आणि म्हणाले, "व्हय. आता ही म्हातारी न्हाय. म्हातारीच्या आत लपलेला गडी हाय." इतकं कौतुक मला तोवर कुणी केलं नव्हतं. आजही कुणी केलेलं नाही.

नववीचं अख्खं वर्ष त्यात गेलं. कोरलं सगळं मी, रंगवलं आम्ही दोघांनी. दहावीनंतर मी पुढं शिकायला गेले, मग लग्न होऊन इंदापूरला आले. जाताना नऊही बाहुल्या मी सरांच्या घरी ठेवल्या. "तुज्याच हायती. मी नुसता राखणदार," ते म्हणाले होते.

मी आता दातांच्या कवळ्या बनवते. इंदापुरात एका डॉक्टरांची छोटी लॅब आहे, तिथं. दिवसभर हातात कानस असतेच. गेल्या वर्षी जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारी बसणाऱ्या रेश्मानं मोबाइल पुढं केला. "पणदऱ्याचे म्हणजे तुझ्या गावचे ना हे?" लहानपणीच्या विसरलेल्या सिनेमांवर व्हिडिओ करणारा कुणी तरुण होता. त्याच्यासमोर सर बसलेले, केस पांढरे झालेले, गोड दिसत होते. टेबलावर माझ्या नऊ बाहुल्या. मला इतका आनंद झाला, की मी डबा बाजूला सारला. तेवढ्यात त्या मुलानं विचारलं, "सर, या कोणी घडवल्या?"

सर म्हणाले, "मी."

एवढंच म्हणून थांबले असते तरी चाललं असतं. पण पुढं कुबडाची गोष्ट आली. खोटं कुबड आणि खरं कुबड वेगळं असतं, म्हणून आपण दोन दिवस विचार केला आणि मान ताठ ठेवली, असं ते सांगत होते. माझे दोन दिवस. रेश्मा म्हणाली, "काय हात आहे गं म्हाताऱ्याचा!" मी हो म्हणाले.

रविवारी पणदऱ्याला गेले. सरांच्या बायकोनं, काकूंनी, पाणी दिलं. मी व्हिडिओचा विषय काढताच सरांनी मान खाली घातली. "खोटं बोललो, सुषमे. आख्खी नोकरी चित्रं शिकवण्यात गेली. ह्ये कुणी केलं, असं मला कुणी इचारलं न्हाय कधी. त्यानं इचारलं, आन् तोंडातनं निघून गेलं." त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले. "बारामतीत माझा सत्कार ठेवलाय. तितं सगळ्यांसमोर तुजं नाव घेतो. तू ये फक्त."

मी गेले. नवी साडी नेसून गेले, खोटं कशाला सांगू. हॉल भरलेला होता. स्टेजवर काचेच्या पेटीत बाहुल्या मांडलेल्या. सर बोलायला उभे राहिले, सिनेमांबद्दल फार सुंदर बोलले. मग त्यांनी मला उभं राहायला सांगितलं. "ही माझी विद्यार्थिनी. हिनं रंगकामात मला पुष्कळ मदत केली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले.

कार्यक्रम संपल्यावर पेटी उघडली तेव्हा मी म्हातारी उचलली आणि उलटी केली. प्रत्येक बाहुलीच्या तळाला मी तापवलेल्या खिळ्यानं 'सु' कोरलं होतं. म्हातारीच्या तळाला ते नव्हतं. लाकडाच्या भेगा बुजवतात ती लांबी भरून, घासून, वरून रंग दिला होता. हवालदार पाहिला, वैदू पाहिला. नऊही तशाच. तोंडातून एखादा शब्द निसटतो, हे मी समजू शकत होते. पण नऊ बाहुल्यांवरची अक्षरं कुणाच्या हातून निसटून जात नाहीत. त्याला बसावं लागतं. लांबी वाळायची वाट बघावी लागते.

"सर, इथं माझं नाव होतं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. शालीची घडी करत राहिले. "लोकांनी उगाच प्रश्न विचारले असते," असं म्हणाले, एकदम शुद्ध मराठीत. तेवढ्यात कुणीतरी फोटोसाठी हाक मारली आणि ते गेले. मी बाहुली पेटीत ठेवली आणि स्टँडवर येऊन इंदापूरची एसटी धरली.

त्यानंतर आमची भेट झाली नाही. त्यांचे दोनदा फोन आले, मी उचलले नाहीत. यंदा उन्हाळ्यात सर गेल्याचं कळलं, तेव्हा मी दहाव्याच्या आदल्या दिवशी पणदऱ्याला गेले. घरात काकू एकट्याच होत्या. बाहुल्या कपाटावर ओळीनं ठेवलेल्या होत्या. मी त्यांच्याकडं पाहिलं, तसं काकू म्हणाल्या, "त्यांनी ते नाव बुजवलं ना, तवा मी हितंच बसले व्हते. म्हणलं, पोरीला काय सांगाल? तर म्हणले, ती समजून घील."

म्हणजे त्यांनी माझा विचार केला होता. मला काय वाटेल हे त्यांना ठाऊक होतं आणि तरीही त्यांनी लांबी भरली. मला एवढी वर्षं वाटायचं, या माणसाइतकं मला कुणी ओळखलेलं नाही. ते खरंच होतं. त्या ओळखीच्या जोरावरच त्यांनी हे केलं.

काकू म्हणाल्या, "ने आता तुज्या तू. मी कुणाला काय सांगू?"

मी एकेक बाहुली कापडात गुंडाळून पिशवीत ठेवली. काकूंनी पिशवीचं तोंड धरलं होतं. शेवटची बाहुली आत गेल्यावर मी त्यांना म्हणाले, "काकू, त्यांनी मागितलं असतं ना, तर मी नाव दिलं असतं."

"म्हाईत हाय गं," काकू म्हणाल्या. "त्यांनाबी म्हाईत व्हतं."