शेवटचं काडतूस

बंदूक बाळगणारा माणूस इतका निरुपद्रवी असू शकतो, हे आमच्या सौभाग्यवतींच्या मामांना पाहिल्याशिवाय कोणाला पटायचं नाही. माले गावातल्या त्यांच्या भातखाचरात रानडुकरं उतरतात, म्हणून पीक राखण्याचा परवाना आणि वडिलांपासून आलेली बंदूक. प्रत्यक्षात डुकरं मामींच्या ओरडण्यालाच जास्त भितात. मामांचा सगळा जीव काडतुसांत. दमट होऊ नयेत म्हणून ती तांदळाच्या डब्यात ठेवायची आणि ऊन पडलं की सुपात मांडून अंगणात, मिरच्यांच्या शेजारी. राखणीला स्वतः मामा, हातात काठी घेऊन. मामी म्हणायच्या, "कावळा न्हेतोय जनू."

गेल्या वर्षापासून पुण्याच्या दुकानात काडतुसं मिळेनाशी झाली. मी पुण्याजवळ महाळुंग्याला राहतो, त्यामुळे दर खेपेला मामा इस्त्रीची टोपी घालून आमच्याकडे येणार आणि मला घेऊन दुकान गाठणार. मालच येत नाही, असं दुकानदार सांगायचा. मग आलोच आहोत तर म्हणून मामा विकायच्या बंदुका मागवून घ्यायचे, बैलाचे दात बघावेत तसे नळीत डोकावायचे, प्रत्येकीत खोट काढायचे आणि वर त्याचाच चहा पिऊन निघायचे. परतीच्या वाटेवर मात्र खिशातला परवाना पुन्हा पुन्हा चाचपायचे.

अशात शेजारच्या खाचरातले सोपानराव आले. मामांचे लहानपणापासूनचे दोस्त, त्यांच्याकडेही बंदूक, पण काडतुसं संपलेली आणि डुकरांनी भात लोळवायला घेतलेलं. विरजण मागावं तसं त्यांनी एक काडतूस मागितलं. मामांनी साफ नकार दिला. परवान्यावरचा माल दुसऱ्याला देणं हा गुन्हा आहे, हे त्यांनी जिवलग मित्राला उभ्याउभ्या ऐकवलं. सोपानराव चहाला न थांबता गेले. अंधार पडल्यावर मामा स्वतःच बंदूक घेऊन सोपानरावांच्या बांधावर जाऊन बसले आणि डुकरं येताच हवेत बार काढला. डुकरं पळाली ती थेट मामांच्या खाचरात. सकाळी ओशाळलेल्या सोपानरावांना मामांनी सांगितलं, काडतुसं लई हायेत, काळजी नको.

खंडेनवमीला मी तिथं होतो. बंदुकीला झेंडूचा हार, आणि सुपात हळदकुंकू लावलेलं एकच नळकांडं. प्रसादाला आलेल्या सोपानरावांनी ते उचलून पाहिलं. रिकामं होतं.

"लई हायेत म्हनला व्हतास."

मामा निरांजनाची वात सारत राहिले. "एकच व्हतं."

"मंग तुज्या भाताचं?"

"दुकानात माल ईल की."

सोपानराव उठले. प्रसाद टोपीत घेऊन गेले आणि दिवस कलल्यावर मामांच्या खाचरातून तेलाचा रिकामा डबा बडवल्याचा आवाज येऊ लागला. तिथं राखण्याजोगं फारसं उरलंच नव्हतं. मामा ओसरीवर बसून ऐकत होते. आवाज थांबला की उठून अंगणाच्या कडेपर्यंत जायचे, पुन्हा सुरू झाला की येऊन बसायचे.

"च्या घिऊन जा त्याला," ते मामींना म्हणाले. "मघाधरनं बसला न्हाई."