बशीखालचे पैसे

इंग्रजीतून आलेलं कुठलंही पत्र मी आधी रागावून वाचते आणि मग चष्मा लावून. तेही तसंच वाचलं. शाळेतून येऊन चहा टाकला होता आणि कॉम्प्युटर उघडला, तर ज्या ऑनलाइन बाजारात आमचं गोधड्यांचं दुकान होतं, त्या कंपनीचा मेल येऊन पडलेला. पुढच्या महिन्यापासून विक्रीचे पैसे फक्त दुकान ज्याच्या नावावर आहे त्याच्याच बँक खात्यात जमा होतील. खात्याला त्याचंच पॅन कार्ड आणि त्याचाच मोबाइल नंबर जोडलेला हवा. गिऱ्हाइकाला माल पोचल्यावर सात दिवसांनी पैसे सुटतील. मुदतीत हे झालं नाही तर दुकान बंद. शेवटी ‘आपल्या सोयीसाठी’ असं लिहिलं होतं. माझ्या सोयीसाठी म्हणून आजवर जे जे काही निघालं आहे, त्यासाठी मला शाळेतून रजा टाकावी लागली आहे.

अडचण अशी की दुकान माझ्या नावावर नव्हतंच. अनुदानित शाळेतल्या शिक्षिकेला जोडधंदा करायची परवानगी नसते. म्हणून दुकान गोधड्या शिवणाऱ्या मावशींच्या नावावर होतं आणि पैसे येत होते माझ्या नि नवऱ्याच्या खात्यात. सुरुवातीला कंपनीने नुसता खाते क्रमांक मागितला होता, तो मी देऊन टाकला. नाव जुळतंय की नाही हे कोणी विचारलं नाही.

मावशी खारघरजवळच्या ओवे गावच्या. आम्ही नवीन पनवेलला राहायला आलो तेव्हा त्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी भाजी घेऊन बसायच्या. स्वतःच्या शेतातली भेंडी, मुळा, पावसाळ्यात शिराळी. मग जमीन गेली, मोबदला आला, दोन मुलांनी दुमजली घर बांधलं, दारात पांढरी गाडी उभी राहिली आणि मावशींची टोपली सुटली. मुलांना आईने टोपली घेऊन बसणं आता बरं दिसत नव्हतं. पण बसून राहणं मावशींच्या रक्तात नव्हतं. त्या एक दिवस रिकाम्या हाताने आल्या आणि म्हणाल्या, “जुनी लुगडी हायत का, बाई? गोदडी शिवून देते.”

माझी आई नुकतीच गेली होती. तिच्या साड्या नुसत्या कपाटात पडून होत्या. मावशींनी त्यांची जी गोधडी शिवून आणली ती पाहून मला रडू आलं, आणि मी पटकन रडणारी बाई नाही. मे महिन्याच्या सुट्टीत सहज म्हणून तिचा फोटो काढून त्या साइटवर टाकला. बंगळूरहून कोणीतरी विचारलं, अशी आणखी मिळेल का. तिथून सुरू झालं.

मावशी शिवायच्या, मी फोटो काढायचे, वर्णन लिहायचे, पार्सल बांधून कुरियरला द्यायचे. दर शनिवारी सकाळच्या शाळेनंतर त्या यायच्या. मी चहा करायचे आणि त्यांचे पैसे त्यांच्या कपाच्या बशीखाली ठेवायचे. हातात नोटा देणं मला कसंसंच वाटायचं. गोधडीमागे सातशे रुपये ठरले होते. त्या एकदा म्हणाल्या होत्या, “कितीला जाते वो?” मी म्हणाले, “जाते बरी. कंपनी कापून घेते त्यातून.” त्यावर त्यांनी पुन्हा विचारलं नाही. चहा संपला की बशी उचलायच्या, नोटा मोजायच्या आणि कमरेला खोचायच्या.

त्या पैशांचं मोल मला ठाऊक होतं, म्हणून तर मला तो मेल वाचून इतका संताप आला. जमिनीचा मोबदला ज्या खात्यात आला होता ते मोठ्या मुलासोबत होतं आणि पासबुक त्याच्या कपाटात. मुलगा वाईट नव्हता. पण आईने शंभर रुपये मागितले तरी “कशाला?” असं विचारायचा. मावशींचं म्हणणं एवढंच होतं की आपल्याकडे असे पैसे असावेत ज्यांना ‘कशाला’ नसतं. शनिवारचे पैसे त्यांनी स्वतःच्या गोधडीच्या एका कोपऱ्यात शिवून ठेवले होते, लाल दोऱ्याने, म्हणजे नेमका कोपरा सापडावा. गोधड्या शिवते हे घरात माहीत होतं. “बाई दोन पैशे देतात चहापान्याला,” एवढंच त्यांनी सांगितलं होतं.

आता कंपनी म्हणत होती, खातं हवं, मोबाइल हवा. म्हणजे सगळं मुलापर्यंत जाणार. मी चवताळले. विक्रेत्यांसाठी साइटवर चर्चेचं पान होतं. तिथे मी लांबलचक पत्र लिहिलं. खेड्यातल्या बायका, त्यांचा घाम, वातानुकूलित खोलीत बसून नियम करणारी माणसं, काही म्हणून सोडलं नाही. नवऱ्याने ते खांद्यावरून वाचलं. तो तळोज्याला कारखान्यात पाळ्या करायचा आणि घरी असला की फारसं बोलायचा नाही. एवढंच म्हणाला, “शेवटी घोषणा घालायची राहिली.”

कुरियरच्या काउंटरवर आम्हा पनवेलच्या विक्रेत्यांची रोज गाठ पडायची. तिथेही तोच विषय. मोबाइलची कव्हरं विकणारा एक तरुण सगळ्यात तापलेला. सात दिवस पैसे अडकले तर माल कशातून आणायचा, असा त्याचा सवाल होता, आणि तो खराच होता. त्याने ठरवलं की सगळ्यांनी आठ दिवस एकही पार्सल पाठवायचं नाही, म्हणजे कंपनी ताळ्यावर येईल. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. संपाच्या पहिल्या दिवशी मी सहज डोकावले, तर तो दोन गोणी पार्सलं घेऊन रांगेत पहिला उभा. मला पाहून म्हणाला, “मॅडम, जुन्या ऑर्डरी आहेत.” माझ्या पिशवीतही एक गोधडी होती, त्यामुळे मी विषय वाढवला नाही.

शनिवारी मावशींना सगळं समजावलं. त्या चहा फुंकत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “अंगठा नाय देनार.”

“अहो, पण खातं उघडायला...”

“कागदाव अंगठा दिला तवा शेत गेलं, बाई. पोरं बोलली, आये, हितं लाव, मी लावला. आता कंच्याच कागदाव लावनार नाय. दुकान बंद झालं तर होऊ दे.”

त्यांचा हात हे बोलताना बशीवर होता. बंद झालं तर काय जाईल हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. मला रात्रभर चुटपुट लागली. सोमवारी शाळेत फळ्यावर तारीख लिहिताना सुचलं ते मी पुढच्या शनिवारी करून पाहिलं. जुन्या साडीचा काळा काठ घेतला, त्यावर खडूने मावशींचं नाव लिहिलं आणि म्हणाले, “यावर धावदोरा घाला.”

त्यांनी घातला. नक्षी समजून घातला, वळणं अगदी बिनचूक. मी पुन्हा लिहिलं, त्यांनी पुन्हा शिवलं. घरी जाताना तीन वेळा लिहून दिलेला काठ बरोबर दिला. पुढच्या शनिवारी त्या तो काठ पुरा भरून घेऊन आल्या. शेवटची चार नावं खडूशिवाय होती. मग हातात पेन दिलं. सुईसारखंच धरलं त्यांनी ते, आणि कागदावर नाव उमटलं, टाक्याटाक्यांनी, मध्ये मध्ये जागा सोडून. माझ्या अख्ख्या नोकरीत कुठल्या विद्यार्थ्याने मला इतका आनंद दिला नसेल.

“ही माजी सई?” त्या म्हणाल्या. “पोरांना नाय येत माजी सई करता?”

“नाही. कोणालाच नाही येणार.”

“मंग चला.”

पॅन कार्ड नि बाकीची कागदपत्रं मोबदल्याच्या वेळी झालेली होती, मोठ्याच्या कपाटात. ती त्यांनी दुपारी सगळे जेवून झोपल्यावर पदराला बांधून आणली. खारघरच्या बँकेत गावचं कोणी ना कोणी भेटणार, म्हणून जुन्या पनवेलमधली शाखा निवडली. तरी रांगेत गावचा एक पुतण्या भेटलाच. “काकू, तुमी हितं कुठं?” मावशींनी माझ्याकडे बोट दाखवलं. “बाईंचं काम हाय. सोबतीला आले.” मी मान हलवली. आपण कोणाची तरी ढाल झालो आहोत, या कल्पनेने मी तो सगळा दिवस फुलून गेले होते, हे आज लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

सही पाहून साहेब म्हणाले, “मावशी, जरा सलग करा.”

“टाका असाच आसतो, सायेब,” मावशी म्हणाल्या. “सलग वढला तर टिकत नाय.”

साहेब हसले. थोडी कटकट करून त्यांनी फॉर्म घेतला. बाहेर पडून आम्ही बटणांचा एक साधा मोबाइल आणि मावशींच्या नावाचं सिमकार्ड घेतलं आणि तो नंबर खात्याला जोडून घेतला. तो मोबाइल त्यांनी चिंध्यांच्या गाठोड्यात ठेवायचा असं ठरलं; त्या गाठोड्याला घरात कोणी हात लावत नसे. मुदत संपायला चार दिवस असताना दुकानाला नवं खातं जोडलं गेलं. चर्चेच्या पानावर लोक अजून भांडत होते. मी तिकडे जाणं सोडलं होतं. आमचं झालं होतं ना.

नव्या नियमाने पहिल्या दोन गोधड्या गेल्या. एक पुण्याला, एक दिल्लीला. पोचल्यानंतर सात दिवस उलटले, आणि शनिवारी मावशी नेहमीपेक्षा लवकर आल्या. चपला काढता काढताच त्यांनी गाठोड्यातून मोबाइल काढला.

“बाई, ह्यो आकडा बगा. अक्षरं मला नाय कळत, पन आकडा कळतो. जनम गेला बाजारात.”

मी पाहिलं. चार हजारांच्या वर रक्कम जमा झाली होती.

“कुना दुसऱ्याचं आलं आसतील चुकून,” मावशी म्हणाल्या. चेहरा खरोखर काळजीत होता. “आपले चौदाशे. वरचं ज्याचं आसतील त्याचं परत कराया सांगा कंपनीला. उगा कुनाचा तळतळाट नको.”

मी मोबाइल हातात धरून उभी राहिले. सातशेचा भाव पहिल्या वर्षी ठरला होता, तेव्हा गोधडी हजाराला जात होती आणि कंपनीचं कमिशन, पिशव्या, रिक्षा धरता मला फारसं काही उरत नव्हतं. पुढे लोकांचे चांगले शेरे येत गेले तसा मी भाव वाढवला. बाराशे, सोळाशे, मग बावीसशे, चोवीसशे. मावशींचे सातशे मात्र तसेच राहिले. मी मुद्दाम केलं असं म्हणवत नाही. वाढवायचं राहून गेलं. पण तीन वर्षं दर शनिवारी राहून जात होतं, आणि त्यातून आमच्याकडे नवा फ्रिज आला होता. तो त्याच खोलीत घुरघुरत होता.

नवरा आतल्या दारात उभा होता. कंपनीची चूक आहे असं मी म्हणू शकले असते. तसं म्हणायला माझी जीभ वळलीही होती.

“नाही मावशी,” मी म्हणाले. “तुमचेच आहेत. सगळे.”

“दोन गोदड्यांचे?”

“हो.”

त्यांनी मोबाइल परत घेतला, पुन्हा आकडा पाहिला. “आन आदी?”

“आधीही एवढेच यायचे. पहिल्या वर्षी कमी. नंतर... एवढेच.”

मी चहा केला. दूध उतू गेलं. मावशी चहा फुंकत बसल्या, सवयीने एक बोट बशीच्या कडेवर. बशीखाली त्या दिवशी काही नव्हतं. मी म्हणाले, मागचा सगळा हिशोब करते, हप्त्याहप्त्याने देते. त्यांनी कप रिकामा करून खाली ठेवला. मग म्हणाल्या, “मागचं उसवत बसलं तर गोदडी हातात रहात नाय, बाई. ऱ्हाऊ द्या.” आणि गाठोडं उचलून गेल्या.

तो आठवडा माझा फार वाईट गेला. ज्या मुलापासून मावशींचे पैसे राखायला मी एवढा आटापिटा केला, त्याने निदान ‘कशाला’ तरी विचारलं होतं. मी तर विचारलंही नव्हतं. त्या आता येणार नाहीत, असं मी धरून चालले होते.

शनिवारी त्या आल्या. काखेत नवी गोधडी, निळ्या-पिवळ्या चौकोनांची. फोटोसाठी ती त्यांनी स्वतःच पलंगावर पसरली, कोपरे ओढून नीट केले. मी फोटो काढले. मग चहा घेऊन आले, एक कप त्यांच्यापुढे ठेवला, एक माझ्यापुढे, आणि आतून बिस्किटं आणायला गेले.

परत आले तर माझी बशी जराशी कलती होती. मी ती उचलली. खाली घडी घातलेल्या नोटा होत्या.

“फोटोचं आन लिवायचं,” मावशी म्हणाल्या. “बँकेतून मीच काढलं, सई करून. मेहनत तुमची पन हाय ना.”

आवाजात टोमणा नव्हता. मी फार शोधला, पण नव्हता. त्या शांतपणे बिस्किट चहात बुडवत होत्या.

मी नोटा मोजल्या. दोन गोधड्यांचे चौदाशे होते.