जुव्यावरचे भुंगेरे

माझ्याकडे अकरा माद्या होत्या आणि नर एकही नव्हता. हे वाक्य घरात मोठ्यानं बोलायची सोय नाही, बायको हसते. पण पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांवर काम करणाऱ्याला विचारा. दोन जाती बाहेरून सख्ख्या जुळ्यांसारख्या दिसतात; खरा फरक असतो तो नराच्या पोटातल्या इंद्रियाच्या आकारात. भुंगेराच मुळात तांदळाच्या दाण्याएवढा, त्याचं इंद्रिय ते केवढं असणार! ते सुईनं काढायचं, भिंगाखाली ठेवायचं, त्याचं चित्र काढायचं, तेव्हा कुठे छातीठोकपणे लिहिता येतं की ही जात नवी आहे. नर नाही, तर अकरा माद्या घेऊन बसा.

मी सावंतवाडीत कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. निवृत्तीला थोडाच काळ उरलाय. एवढ्या वर्षांत नवं असं एकच काहीतरी मला सापडलं होतं, हे निळसर काळे, खांद्यावर पिवळा ठिपका असलेले भुंगेरे. मसुऱ्याच्या पुढे खाडीत जुवे आहेत. जुवा म्हणजे खाडीतलं बेट. त्यातल्या एका जुव्यावर, बांधाच्या टोकाला पसरलेल्या एका जुनाट वेलीवर ते होते. त्याच जातीची वेल मी दोन्ही काठांवर, बाकीच्या जुव्यांवर, जिथे पाय ठेवता आला तिथे पालथी घातली. भुंगेरा कुठेही नाही. असलाच तर त्या एका वेलीवर.

त्या जुव्यावर एकच घर. तिथे सत्तरी उलटलेल्या एक ख्रिस्ती मावशी राहायच्या. मुलं गोव्यात, जवळ फक्त पुतण्या. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझी पिशवी, जाळी आणि वही बघून त्यांनी विचारलं, "शेतकी खात्यातले मा तुमी?"

मी "हं" म्हटलं.

का म्हटलं? उन्हानं डोकं तापलं होतं. आणि खरं सांगायला गेलं की लोक अर्धा तास विचारत बसतात, नाव देऊन काय मिळतं, त्याचं औषध होतं का, सरकार पैसे देतं का. मला कंटाळा आला होता. त्या एका "हं"वर मला पुढची दोन वर्षं पुतण्याची होडी मिळाली, चहा मिळाला, आंबोळ्या मिळाल्या. मावशी मला 'सायबानु' म्हणायच्या आणि मीही ते गोड मानून घेत होतो.

एकदा त्यांनी विचारलं, "सायबानु, ह्ये किडे माडार चडतले काय?"

प्रश्न साधा नव्हता. मोठ्या भुंग्यानं त्यांचे माड पोखरले होते. या वयातही पुतण्याला माडावर चढवून, वाकड्या तारेनं शेंड्यातले भुंगे ओढून काढायला लावायच्या आणि भुंगा खाली पडला की स्वतः चपलेनं ठेचायच्या. माडवाल्याला भुंगा म्हटला की वैरीच. मला हे सगळं दिसत होतं. तरी मी वहीतून मान वर न काढता म्हणालो, "बघतोय मी, मावशी." सायबाला शोभेल असंच म्हणालो.

गेल्या वर्षी पाऊस सरता सरता मी नव्या कुप्या घेऊन गेलो. या हंगामात नर मिळणारच अशी माझी खात्री होती. होडीतून उतरलो तर बांधाचं टोक काळंठिक्कर. वेल नाही. राख, आणि राखेत अर्धवट जळलेली दोन खोडं.

मावशी लगबगीनं खाली आल्या. चेहरा नुसता फुललेला. "तुमका परत परत होडयेन येवचा लागता, म्हणान आमीच काम करून टाकलंव. एक सुदा सोडूक नाय."

मला ओरडावंसं वाटलं. कोणावर ओरडणार? त्यांनी माझेच कष्ट वाचवले होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मी ओसरीवर बसलो. त्यांनी आतून औषधाची एक बाटली आणली. "तुमका दाखवूक थोडे ठेवलंय." वेल पेटवण्याआधी पुतण्याकडून फांद्या झटकून घेऊन त्यांनी किडे गोळा केले होते आणि काजूच्या फेणीत बुडवून ठेवले होते.

घरी येऊन मी ते भिंगाखाली पसरले. नराच्या पुढच्या पायाचं पहिलं पेर रुंद असतं. चार नर निघाले. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आणि त्या आनंदाची इतकी लाज वाटली की जेवण गेलं नाही.

जात नवीच निघाली. शोधनिबंध छापून आला, नाव दिलं, फेणीतला एक नर त्या जातीचा मूळ नमुना ठरला. कॉलेजात पेढे वाटले. मावशींना मात्र मी काहीच सांगितलं नाही. जे होतं ते जळून गेलं, आता त्या म्हातारीला दुखवून काय साधणार, असं मी स्वतःला समजावलं. ते पटायलाही सोपं होतं.

परवा दुपारी त्यांचा फोन आला.

"सायबानु, त्या वेलीक परत कोंब इले हुते. त्येच्यार दोन किडे दिसले, तेच ते पिवळ्या ठिपक्याचे. तुमी काळजी करू नकात. चिरडून टाकलंय मी."

"आणि कोंब?"

"ते पण काडलंय. ह्या खेपेक मुळात मीठ घातलंय."

मी खुर्चीवर बसलो. मग सगळं सांगितलं. मी शेतकीतला नाही. ते किडे माडावर चढणारे नव्हते. जगात दुसरीकडे कुठे सापडले नाहीत, तुमच्या जुव्यावरच होते. बोलता बोलता वाटत होतं की हे आता त्यांच्या गळ्यात कशाला घालतोय, पण थांबताही येईना.



"मगे आदी सांगूक नको काय?" मावशी म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांनी मला सायबानु म्हटलं नाही.