फाइंड-चेंजमधला मोहल्ला

माझा हात ‘चेंज ऑल’च्या बटणाकडे जायला लागला की ती दोन बोटांनी माझं मनगट धरायची. नाडी बघायला धरतात तसं. घट्ट नाही, पण सुटायचंही नाही.

“थांब वं. आधी पाहू दे.”

मग मी ‘फाइंड नेक्स्ट’ दाबायची. पडद्यावर एक जागा उजळायची. ती मान वाकडी करून बघायची. “हं, बदल.” पुढची जागा. “हं, बदल.” त्याच्या पुढची. “हे राहू दे.” एका क्षणात होणारं काम दुपारभर चालायचं. कूलरचा दमट वारा, खालच्या मिठाईच्या दुकानातून येणारा तुपाचा वास, आणि पडद्यावर एकामागून एक उजळणाऱ्या जागा. संध्याकाळी डोळे मिटले तरी त्या दिसत राहायच्या.

तुमच्याही कामाच्या जागी असं एखादं माणूस असेल. त्याच्यामुळे काम लांबतं, आणि त्याने बघितल्याशिवाय काम पुढे पाठवायला हात धजत नाही.

आमचं छपाईचं दुकान भिलाईच्या पॉवर हाऊस बाजारात, वरच्या मजल्यावर. लग्नपत्रिका, शाळांची वार्षिकं, मंडळांच्या स्मरणिका. बहुतेक काम हिंदी. पण भिलाईत विदर्भातून आलेली मराठी घरं पुष्कळ आहेत, त्यांचं मराठी काम आलं की ते तिच्याकडे जायचं. ती चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतून लोकलने यायची. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर ती इथे प्रूफ वाचायला लागली. सेठ आणि बाकीचे तिला चाची म्हणायचे, मी काकू. जिना चढून आली की खुर्चीत बसताना एक मोठा श्वास सोडायची आणि म्हणायची, “चला, बसलं आता.” जणू दिवसातलं अवघड काम झालं, उरलेलं किरकोळ आहे.

मी तिथे संगणकावर पानं लावायला लागले तेव्हा माझी शाळा इंग्रजी, मैत्रिणी हिंदी, आणि मराठी फक्त घरी, तीही आई रागावली की. मराठी वाचता यायची, पण ओळीखाली बोट ठेवून. बोलायची तर मी कुठल्याच भाषेत फारशी नाही. काकूने पहिल्या आठवड्यातच ते हेरलं. “तुह्या शाळेत बोलायचा पीरियड नव्हता काय वं?” मी हसले. हसणं हे माझं नेहमीचं उत्तर.

ती फार अचूक होती असंही नाही. एकदा एका लग्नपत्रिकेत थोरल्या काकाचं नाव खाली आहे म्हणून तिने कुणाला न विचारता ते वर नेलं. “थोरला खाली? मांडवात भांडण होईन.” भांडण झालं, पण पत्रिकेवरूनच. त्या काकाशी वधूपित्याचा अबोला होता आणि नाव खाली ठेवलं होतं ते जाणूनबुजून. सगळ्या पत्रिका पुन्हा छापल्या. सेठ कपाळाला हात लावून बसला. काकू शांतपणे ड्रॉवरमधले फुटाणे खात म्हणाली, “अबोला मिटवायची संधी होती. त्याईनं गमावली.”

पॅटर्नचं काम मी आणलं. पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये शोधाच्या खिडकीत ग्रेप नावाचा एक कप्पा असतो. तिथे शब्द न देता शब्दाचा आकार देता येतो. म्हणजे, ‘पूर्णविरामाच्या आधी एक किंवा कितीही मोकळ्या जागा असतील, तर ते शोध.’ मी हे तिला अर्धं हिंदीत, अर्धं हातवारे करत सांगितलं. मला वाटलं, ती वैतागेल.

“म्हणजे नाव नाई सांगायचं,” ती म्हणाली, “वागणूक सांगायची.”

“हो.”

“आमच्या चरोद्यात तसंच आहे. सगळे क्वार्टर सारखे. नवा पोस्टमन आला का आम्ही नंबर नाई सांगत. ज्याच्या दारात पपई आहे न ज्याचा कुत्रा भुंकत नाई, ते घर, असं सांगतो.”

त्या दिवसापासून ती पॅटर्नला ‘पपईचं झाड’ म्हणायला लागली. “या मजकुराले एखादं पपईचं झाड लाव वं.”

केलेला पॅटर्न नाव देऊन जपून ठेवता येतो. पुढच्या वेळी यादीतून निवडायचा. मी त्यांना इंग्रजी नावं देत होते. काकूला ती चालेनात. तिने माणसांची नावं दिली. पूर्णविरामाआधी जागा सोडण्याची सवय कुरुदच्या एका गुरुजींना होती, म्हणून तो पॅटर्न ‘कुरुदचे गुरुजी’. चार-चार उद्गारचिन्हं देणाऱ्या कवयित्री होत्या, त्या ‘बोरसीच्या वहिनी’. मराठी आणि इंग्रजी आकडे एकाच तारखेत मिसळणारे एक ‘बँकवाले भाऊजी’. दुसऱ्या कुणाच्या लेखात तीच सवय दिसली की ती म्हणायची, “इथंबी गुरुजी येऊन बसले. उठव त्याईले.” आणि मी एकेक गुरुजी उठवायची.

एकदा सेठने ती यादी उघडी बघितली. “ये क्या मोहल्ला बसा रखा है, चाची?”

“मोहल्लाच आहे. वीज-पाणी तुह्यं, म्हणून तुले सांगून राहिली.”

तिची नजर जाते आहे हे मला कधी कळलं, ते नेमकं सांगता येत नाही. आधी ती प्रूफ डावीकडे धरायला लागली. मग चहाचा ग्लास ठेवताना टेबलाची कड हाताने चाचपायला लागली. मग एका शाळेच्या वार्षिकात मुखपृष्ठावरची चूक सुटली. बल्ब मंद आहे म्हणाली. मी बल्ब बदलला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “बल्ब बदलत कावून नाई वं?” नंतर तिनेच सांगितलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब टाकून टिकवायची.

त्याच सुमारास सेठ मला म्हणाला, “चाची से अब नहीं हो रहा। इस बार स्मारिका तू ही देख ले।” काकू जिन्यात होती. आत आली, बसली. “चला, बसलं आता” म्हणाली नाही.

दुपारी डबा उघडताना ती हळू आवाजात म्हणाली, “सेठले डोळ्याचं सांगू नको. येवढी स्मरणिका माह्या हातून निघू दे. मंग मी जाईन. मले काढलं असं नाई पाहिजे, पोरी. मी गेली असं पाहिजे.”

दरवर्षी भीमजयंतीला चरोद्याच्या बौद्ध मंडळाची स्मरणिका निघायची. तिच्याच लोकांची. शेवटच्या पानावर मुद्रितशोधन म्हणून तिचं नाव असायचं. यंदाही ते असावं, आणि तोवर सेठला कळू नये, एवढंच तिला हवं होतं.

आम्ही काम वाटून घेतलं. जे आकाराने सापडतं ते सगळं मोहल्ल्यावर सोपवलं. जे वाचूनच कळतं, ते मी तिला मोठ्याने वाचून दाखवायची. सेठला वाटायचं, मी शिकते आहे. तसं ते खरंही होतं. प्रत्येक शब्दाला अडखळत मी मंडळाचा अहवाल वाचला, आठवणी वाचल्या, कविता वाचल्या. ती डोळे मिटून ऐकायची. “आवाज पोटातून काढ. पानावरून पुसून नको काढू.” मी कधीच इतकं बोलले नव्हते. संध्याकाळी घसा दुखायचा. आम्ही दोघी दमून जायचो, ती ऐकून, मी बोलून.

बाजूबाजूला बसत असूनही ती माझ्याकडे बघून क्वचित बोलायची. मला वाटायचं, तिचा स्वभाव. कदाचित तिला माझा चेहरा कधी नीट दिसलाच नसेल.

मग तो श्रद्धांजलीचा भाग आला. बौद्ध समाजात गेलेल्या माणसाच्या नावाआधी स्वर्गीय लिहीत नाहीत, कालकथित लिहितात. पण यंदा बरीच माहिती हिंदीतून आली होती आणि नावांआधी ‘स्व.’ होतं. ते सगळीकडे बदलायचं होतं. काकू डोळे दाखवायला दुर्गला गेली होती, मी समोर कागद आणायला. सेठला घाई होती. माझ्या मशीनवर शोधाची खिडकी उघडीच होती, ग्रेपच्या कप्प्यात. त्याने वरच्या चौकटीत ‘स्व.’ लिहिलं, खालच्या चौकटीत ‘कालकथित’ लिहून पुढे एक जागा सोडली, आणि ‘चेंज ऑल’ दाबलं. फाइल सेव्ह केली, पानं मंडळाला पाठवून दिली.

त्या कप्प्यात टिंब म्हणजे टिंब नसतं. ‘इथे कुठलंही एक अक्षर चालेल’ असं ते सांगतं. त्यामुळे ‘स्व’ने सुरू होणारा प्रत्येक शब्द कालकथित झाला. मंडळातली एक चांगली धडधाकट स्वाती ‘कालकथित ती’ झाली. आणि पहिल्याच पानावर, कोट घातलेल्या, हसऱ्या स्वागताध्यक्षांच्या फोटोखाली आलं, ‘कालकथित गताध्यक्ष’.

फोन आला तेव्हा मी नुकतीच परतले होते. सेठने फोन कानापासून दूर धरला होता, तरी आवाज येत होता. “मैं ज़िंदा हूँ! सुन रहे हो? ज़िंदा!” सेठ घामाघूम. हे काम गेलं तर मंडळाचं दरवर्षीचं कामही जाणार, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तेवढ्यात काकू जिना चढून आली. खांद्यावरची पिशवीही काढली नव्हती. मी दोन वाक्यांत सांगितलं. तिने हात पुढे केला, सेठने फोन त्यात ठेवला.

“जयभीम साहेब. हाव, मीच. हाव, पाह्यलं. नाई, सेठचं नाई, पोरीचंबी नाई. माह्याच नजरेतून सुटलं.” थोडा वेळ तिने ऐकून घेतलं. “आता असं आहे साहेब, मेल्याची खोटी बातमी आली का आयुष्य वाढते. बाईसाहेबाले सांगा, इतक्यात सुटका नाई त्याईची.”

पलीकडून हसू आलं, इतकं मोठं की सेठ हायसं वाटून खुर्चीत बसला.

फोन ठेवल्यावर सेठ म्हणाला, “चाची, आपने तो फ़ाइल देखी ही नहीं थी।”

“नाई पाह्यली.” तिने पिशवी काढून टेबलावर ठेवली. “पाह्यली असती तरी दिसली नसती. डोळे गेले माह्ये, सेठ. हे पुस्तक मी काढते, मंग जाते.”

सेठ कीबोर्डकडे बघत राहिला. मग म्हणाला, “जब तक मन करे, बैठिए, चाची।”

“मन नाई करत,” ती म्हणाली. “थकली मी.” आणि मग माझ्या बाजूला बसत, “चला, बसलं आता.”

फाइलची जुनी प्रत नव्हती. एकेक कालकथित शोधून बघायचा होता. मी ‘फाइंड नेक्स्ट’ दाबायची, नाव वाचायची. तिची बोटं माझ्या मनगटावर. “हा गेला. राहू दे. लोको शेडमध्ये होता, भीमगीतं गायचा.” पुढचं. “ही जिवंत आहे, काल लोकलमध्ये भेटली. उठव तिले.” पुढचं. “हा गेला. राहू दे.” चरोद्याच्या त्या सारख्या क्वार्टरांमधून ती दारोदार फिरत होती, आणि मी तिच्या मागे.

एका ठिकाणी मी नाव वाचलं आणि थांबले. आडनाव तिचं होतं. ते तिच्या नवऱ्याचं नाव होतं.

तिने डोळे उघडले, मान वाकडी करून पडद्याजवळ गेली. बराच वेळ बघत राहिली.

“हं,” म्हणाली. “बरोबर आहे. पुढं चाल.”

स्मरणिका जयंतीला निघाली. शेवटच्या पानावर तिचं नाव होतं. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. “पुन्हा वाच,” म्हणाली, आणि दुसऱ्यांदा वाचल्यावर ड्रॉवरमधले फुटाणे काढून पिशवीत भरायला लागली.

जाण्याआधी म्हणाली, “मोहल्ल्यात तुह्यं घर राहिलं वं. लाव एक पपईचं झाड. तू काहीबी लिहिलं का त्यात ‘कदाचित’ असते नाई तर ‘मला वाटतं’ असते. बोलतानाबी तसंच. दार थोडंसं उघडून उभी राहते. ते दोन्ही शोधाले सांग. नाव मी सांगते.” आणि तिने माझं नाव सांगितलं. मी टाइप केलं. “पण सगळे एका झटक्यात नको काढू. पाहून काढजो.”

आता ती येत नाही. लेकीने तिला नागपूरला नेलं. तिच्या खुर्चीवर कागदाचे गठ्ठे असतात. सेठ कधीकधी ‘चाची’ म्हणून हाक मारायला तोंड उघडतो आणि चहा मागवतो. यादी तशीच आहे: गुरुजी, वहिनी, भाऊजी, आणि सगळ्यांत खाली मी.

हे लिहून झाल्यावर मी माझं नाव निवडलं आणि ‘फाइंड नेक्स्ट’ दाबलं. बरेच ‘कदाचित’ निघाले, ते काढले. एक ‘मला वाटतं’ काढलं. मग शोध त्या वाक्यावर येऊन थांबला, तिला माझा चेहरा दिसला नसेल त्या वाक्यावर. पहिला शब्द उजळला होता. मी माऊसवर हात ठेवला. थोडा वेळ वाट पाहिली. मनगटावर काही नव्हतं.

“हे राहू दे,” मी मोठ्याने म्हणाले. सेठने वळून बघितलं. मी खिडकी बंद केली.