अठरा भाऊ आणि एक बाप

चूक करावी तर माझ्या मामाने. इतक्या आत्मविश्वासाने चुकणारा माणूस सटाण्यापासून नाशिकपर्यंत दुसरा नाही. त्याच्या सगळ्यात मोठ्या चुकीत मात्र माझा हात होता, आणि ते मी लपवणार नाही.

आमच्या घरात तेव्हा पुस्तक म्हणावं अशी एकच वस्तू होती, रेशन कार्ड. वडील लवकर गेले. आई नामपूरच्या मार्केटात कांदा निवडायची. तिच्या हातांचा वास दिवाळीच्या उटण्यानेही जायचा नाही. अशा घरातून मी नाशिकला कॉलेजात गेले, तेही इंग्रजी घेऊन, तेव्हा मी इंग्लंडच विकत घेतल्यासारखी बातमी मामाने सटाणाभर केली.

मामा लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करतो. नवरीला नारळातून बाहेर काढणं आणि नवरदेवाला कमळात बसवणं ही त्याची खासियत. जगाकडे तो बोटांच्या चौकटीतूनच बघतो. कोणी चहाचा घोट झोकात घेतला तरी म्हणणार, “वन मोर!” एका मयतीला रडत आलेल्या आत्याबाईंना त्याने दारातूनच परत पाठवलं, “पुन्हा या, तोंडावर उजेड नव्हता.” त्या बिचाऱ्या पुन्हा आल्या आणि पहिल्यापेक्षा छान रडल्या.

दिवाळीच्या सुट्टीत मी लायब्ररीतली एक जाडजूड इंग्रजी कादंबरी आणली आणि मामाला मराठीतून वाचून दाखवू लागले. जुन्या काळचा परदेशातला मठ, आणि त्यात एकामागून एक साधूंचे खून. हे आज कळतं. तेव्हा मठाचा इंग्रजी शब्द मला गावाचं नाव वाटला, ‘ब्रदर’चं मी ‘भाऊ’ केलं आणि ‘फादर’चं ‘बाप’.

“कितला भाऊ शेतस व माय?” मामाने विचारलं.

“अठरा.”

“बाप एकच?”

“एकच.”

“आणि त्यास्नी माय?”

“तिचं नावच नाही कुठे.”

“अठरा बाळंतपणं! गई व्हई बिचारी.” मग त्याने मांडीवर थाप मारली. “खून कशाले, ते समजनं माले. वाटणी!”

निम्म्या पुस्तकावरच त्याने पिक्चर काढायला घेतला. लग्नसराईच्या ऑर्डरी सोडल्या. पिंपळगावकडचं बंद पडलेलं बेदाण्याचं शेड मिळवलं, बारदानाचे अठरा झगे शिवले. पहिल्या प्रेताला सवयीने म्हणाला, “हसा थोडं!”

इकडे नाशिकला मॅडमनी वर्गात कादंबरीची गोष्ट विचारली. मी उभी राहून ठणकावून सांगितलं, एका बापाचे अठरा मुलगे. सगळा वर्ग हसला, तेव्हा माझी चूक मला कळली. घरी मी गप्प राहिले असते तर कोणाला काय कळणार होतं? आमच्या घराण्यातलं सगळं इंग्रजी माझ्याकडेच होतं. पण खोटं शिक्षण मिरवायला मी नाशिकला गेले नव्हते. उरलेलं पुस्तक वाचलं आणि एसटीने थेट शेडवर गेले. शेवटचा सीन तेवढा बाकी होता, खुनी भावाच्या हातात सातबारा.

सगळ्यांसमोर मी सांगितलं, “मामा, माझं चुकलं. हे भाऊ नाहीत, साधू आहेत.”

मामाची बोटांची चौकट खाली आली. “मंग मारस कोण?”

“स्वयंपाकी. त्याला वाचायला शिकायचं असतं. साधू हसतात, शिकवत नाहीत.”

 प्रेतं उठून बसली. मामा हळूच म्हणाला, “मनी बहीण माले शाळामा धाडाकरता कांदा निवडाले गई. तिनी कोणले मारं नही.” डोळे पुसून ओरडला, “तू शिकेल शे, तू सांगशी तेच बरोबर. काढा रे तो सातबारा!”

खुनी भाऊ स्वयंपाकी झाला आणि त्याच्या हातात अंकलिपी आली. भाऊ मात्र भाऊच राहिले. अठरा जणांचं शूटिंग पुन्हा कोण करणार?

सटाण्याच्या एका लॉन्सवर पिक्चर दाखवला. वाटणीच्या भांडणाला लोक पोट धरून हसले, अंकलिपी दिसल्यावर शांत झाले. शेवटी पडद्यावर माझं नाव आलं.

“काय लिव्हेल शे?” आईने विचारलं.

“तुनी पोरनं नाव,” मामा म्हणाला. मग स्वतःशीच “वन मोर” पुटपुटत त्याने पिक्चर थोडा मागे घेतला, आणि ते नाव पडद्यावर बराच वेळ तसंच ठेवलं.

पिक्चर तेवढा एकदाच लागला. मामा पुन्हा नवऱ्या नारळातून काढू लागला. मी बी.ए. झाले. शूटिंगची ती अंकलिपी आईने ठेवून घेतली. आता ती अंगठा देत नाही, सही करते.